व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर? आधी कूलर बंद करून ऐका

काका, नमस्कार.

मी कॉलेजात शिकवते, नागपुरात त्रिमूर्तीनगरात राहते. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. तो झोपला की रात्री दहा ते बारा एवढाच वेळ माझा. नाट्यसंगीत, ख्याल आणि जुनी हिंदी गाणी ऐकते. हॉल बारा बाय पंधराचा. चार वर्षांपूर्वी घेतलेले बुकशेल्फ स्पीकर चांगले आहेत, मागे ८६ डीबी, ८ ओहम असं लिहिलंय. ॲम्प्लिफायर जुन्या होम थिएटरचा होता, त्याचा एक चॅनेल गेला. नव्यासाठी साठ हजार बाजूला काढलेत.

यांचा एक मित्र म्हणतो, "वहिनी, घ्यायचा तर व्हॉल्व्हचाच घ्या, ट्रान्झिस्टरच्या आवाजात जीव नसतो." त्याच्या ओळखीचा कारागीर ईएल ३४ जातीचे चार मोठे, काचेच्या नळीसारखे व्हॉल्व्ह लावून पंचावन्न हजारांत ॲम्प बनवून देतो. हे म्हणतात, तळहाताएवढा क्लास डी (ट्रान्झिस्टरच्याच ॲम्पचा एक प्रकार) चार हजारांत येतो, बाकीच्या पैशात फ्रिज घेऊ. मला आठवतो बाबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. तो आवाज अजून कानात आहे. सेट माळ्यावर पडलाय, वीसेक वर्षांत लावलेला नाही. मला तसा आवाज हवाय. काय घेऊ?

— कूलरच्या खोलीतली श्रोती

*

ताई,

पत्रातला सगळ्यात कामाचा शब्द तुम्ही सहीत टाकलाय. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कूलरमध्येच आहे.

आज रात्री एक काम करा. फोनवर आवाज मोजायचं एखादं फुकट ॲप घ्या, तुमच्या नेहमीच्या जागेवर बसा, कूलर चालू ठेवून आकडा बघा, मग बंद करून बघा. माझ्याकडे मोठा डेझर्ट कूलर जोरात असला की खुर्चीपाशी साठ डेसिबल भरतात, बंद केला की पस्तीस. फोनचं मोजमाप म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, पण फरक कळायला पुरे.

आता स्पीकरमागच्या त्या ८६ डीबीचा अर्थ सांगतो. स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज येतो. दोन स्पीकर आणि तीन मीटरवर तुम्ही, असा हिशेब धरला तर तुमच्या कानाशी एका वॉटला साधारण ऐंशी डेसिबल पोचतात. जानेवारीच्या रात्री कूलर नाही, पंखा नाही, मूल शेजारच्या खोलीत झोपलेलं. तेव्हा तुम्ही ऐकाल सरासरी पासष्ट डेसिबलवर. त्याला लागतो एका वॉटचा तिसावा हिस्सा. एखादी तान उसळली, तबलजीने समेवर जोराची थाप मारली, की पंधरा डेसिबल वर जाईल, म्हणजे पूर्ण एक वॉट. बस्स. तीस वॉट, पन्नास वॉट, शंभर वॉट ही सगळी भांडणं त्या एका वॉटच्या पलीकडची.

मे महिन्यात गणित फिरतं. कूलरच्या साठ डेसिबलवर गाणं ऐकू यायचं तर ते पंच्याहत्तरवर न्यावं लागतं. दर दहा डेसिबलला दहापट ताकद लागते. तीच तान आता दहा वॉट मागते. दहा वॉट कुठलाही बरा ॲम्प देतो, कारागिराचा ईएल ३४ वालाही देईल, त्यामुळे ताकदीच्या मुद्द्यावर त्याला मी नापास करत नाही. प्रश्न वेगळा आहे. व्हॉल्व्ह आणि चांगला ट्रान्झिस्टर यांच्यातला फरक फार बारीक असतो. तंबोऱ्याची आस, गायकाचा श्वास, व्हायोलिनचा शेवट विरतो ती जागा, अशा ठिकाणी तो लपलेला. नेमकं तेच सगळं कूलर आधी गिळतो. म्हणजे मार्च ते जून तुम्ही ज्या फरकासाठी पंचावन्न हजार मोजाल तो तुम्हाला ऐकूच येणार नाही.

म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. सध्या ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर घ्या. आणि बाबांचा रेडिओ माळ्यावरून उतरवा. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण तुमचं खरं पत्र त्याच्याबद्दलच आहे.

हे लिहिणारा माणूस व्हॉल्व्हचा शत्रू नाही, हे आधी सांगायला हवं. शाळेत असताना सुट्ट्यांमध्ये मी महाल भागातल्या एका रेडिओ रिपेअरिंगच्या दुकानात बसायचो, झाडण्यापासून सोल्डरिंगपर्यंत सगळं तिथेच शिकलो. आजही घरी माझा स्वतः जोडलेला व्हॉल्व्हचा ॲम्प आहे. होळीला त्याच्यावर कापड टाकतो आणि दसऱ्याला दोन फुलं वाहून पुन्हा सुरू करतो. मधले महिने ट्रान्झिस्टर. बायको म्हणते, तुमचा ॲम्प आणि आमची रजई एकाच दिवशी बाहेर निघतात.

काहून म्हणाल, तर उष्णता. चार ईएल ३४ वाला स्टिरिओ ॲम्प गाणं वाजो न वाजो, भिंतीतून दीडशे-दोनशे वॉट ओढत बसतो. त्यातला एका वॉटचा तिसावा हिस्सा स्पीकरला जातो आणि बाकी सगळी खोलीला ऊब. एक माणूस शांत बसला की साधारण शंभर वॉट उष्णता टाकतो, म्हणजे नवतपाच्या, ऐन उन्हाळ्याच्या दिवसांत हॉलमध्ये दोन पाहुणे रोज दहा ते बारा मुक्कामाला. विजेच्या बिलाला घाबरू नका, रोज दोन तास म्हणजे महिन्याला बारा युनिटच्या आतबाहेर. पण त्या पाहुण्यांसाठी कूलर एक नंबर वाढवावा लागतो, कूलर वाढवला की आवाज वाढवावा लागतो, आणि आपण पुन्हा पहिल्या परिच्छेदात येऊन पडतो.

शिवाय कूलरची हवा ओली. व्हॉल्व्हच्या सॉकेटच्या पट्ट्यांवर ती हळूहळू गंज चढवते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ॲम्प मधेच चरचरायला लागतो. आतले वीज साठवणारे कंडेन्सर तर उष्णतेचे वैरीच. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. हा नियम ट्रान्झिस्टरलाही लागू आहे, म्हणून तोही शोकेसच्या बंद कप्प्यात कोंडू नका आणि वर क्रोशाचा रुमाल घालू नका.

आता तुमचा साडेतीन वर्षांचा. चालू ईएल ३४ ची काच दोनशे अंशांच्या आसपास तापते. वर जाळी असेल तर हात भाजणार नाही, पण ॲम्पच्या पोटात चारशेच्या घरात डीसी व्होल्ट असतात आणि प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये ते बराच वेळ दबा धरून बसतात. माझे उस्ताद म्हणायचे, "बंद सेटले जास्त भ्याव न बे, चालू सेट तं सांगते का मी चालू हावो." मी एकदा ऐकलं नाही आणि कोपरापर्यंत झिणझिण्या घेऊन बाकाखाली बसलो होतो. मूल ॲम्प उघडणार नाही हे मान्य. पण त्याच्या गाडीने स्पीकरची वायर ओढली जाईल, हे मी आत्ताच लिहून देतो. आणि व्हॉल्व्हच्या ॲम्पला तेच सोसत नाही. व्हॉल्व्हचा अंतर्गत अवरोध मोठा, स्पीकर आठ ओहमचा, म्हणून मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. स्पीकर सुटलेला असताना ॲम्प जोरात वाजत राहिला तर त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये विजेचा इतका दाब चढतो की आतल्या आत ठिणगी पडून तो जळतो. एका गणपती मंडळात आरतीच्या आधी कुणाच्या तरी पायात अडकून भोंग्याची वायर निघाली. आवाज येत नाही म्हणून एका कार्यकर्त्याने बटन पूर्ण फिरवलं. दहा मिनिटांत वास सुटला. त्या वर्षीची बाकी आरती बिनमाइकची झाली, आणि खरं सांगू का, जास्त छान झाली.

मित्राच्या म्हणण्यात तथ्य काहीच नाही का? आहे, पण अर्धं, आणि ते गाण्याच्या भाषेत नीट कळतं. कुठलाही ॲम्प मूळ सुरात स्वतःचं थोडं काहीतरी मिसळतो. व्हॉल्व्ह मुख्यतः दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा सूर, मिसळतो. तुम्ही मध्य सा लावला, तर त्यामागे अगदी हळू तार सा. तिसरा हार्मोनिक म्हणजे त्याच्या वरचा पंचम, तोही तंबोऱ्याच्या घरातलाच. पाचवा गंधार. इथपर्यंत सगळं सुरात. सातवा मात्र कोमल निषादाच्याही थोडा खाली पडतो, कुठल्याच पेटीत न सापडणारा. तो कानाला टोचतो. १९६० च्या दशकातल्या सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये लाट वरून खाली जाताना मधे एक बारीक खाच पडायची आणि त्या खाचेतून असले वरचे विषम हार्मोनिक निघायचे. त्यातही ती खाच हळू आवाजात जास्त जाणवायची. "ट्रान्झिस्टरला जीव नाही" ही ख्याती त्या काळची. तेव्हा ती खरी होती. खाच बुजवायची रीत सापडून आता कित्येक दशकं झाली, पण म्हण राहून गेली.

आता गंमत बघा. तो गोड दुसरा हार्मोनिक भरपूर मिळतो एका आउटपुट व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये. तुमचा कारागीर देतोय चार, म्हणजे एका चॅनेलला दोन, पुश-पुल पद्धतीने, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. या जोडणीत दुसरा, चौथा असे सम हार्मोनिक एकमेकांना खोडून टाकतात. म्हणजे मित्र ज्या गोडव्याची शपथ घेतोय तो त्या ॲम्पमध्ये बराचसा आधीच पुसला गेलेला असणार. त्यात ताकद मिळते, आवाज स्वच्छ मिळतो, पण मग स्वच्छच हवा असेल तर ट्रान्झिस्टर तेच काम कमी पैशात करतो.

व्हॉल्व्हच्या आवाजात जो फरक पटकन ओळखू येतो त्याचं दुसरं कारण आणखी साधं आहे. ट्रान्झिस्टरचा ॲम्प स्पीकरचा पडदा मुठीत घट्ट धरतो, व्हॉल्व्हची पकड सैल. स्पीकरचा अवरोध प्रत्येक सुराला आठ ओहमच राहत नाही, कुठे पाच तर कुठे तीस होतो. सैल पकडीमुळे जिथे तो जास्त तिथला आवाज किंचित फुगतो. खर्ज जरा भरीव लागतो, गळा जरा पुढे येतो. १९८५ साली अमेरिकेत बॉब कार्व्हर नावाच्या डिझायनरने 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या लोकांशी पैज घेतली आणि आपला साधा ट्रान्झिस्टर ॲम्प जागच्या जागी बदलून एका अतिशय महागड्या व्हॉल्व्ह ॲम्पसारखा हुबेहूब वाजवून दाखवला. ऐकणाऱ्यांना दोन्हींत फरक सांगता आला नाही. म्हणजे तो "जीव" मोजता येतो आणि बनवताही येतो. मला स्वतःला हे कळल्यावर थोडं वाईट वाटलं होतं. तरी दसऱ्याला फुलं वाहतोच.

यजमानांच्या क्लास डीबद्दल. त्यांना हसू नका. त्या छोट्या डबीचा आवाज आता खरंच चांगला असतो आणि ती उन्हाळ्यात गरम होत नाही. खोटं असतं ते डब्यावर, "५० + ५० वॉट" असं छापलेलं. सोबत १२ व्होल्टचा ॲडॉप्टर आला असेल तर आठ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात नऊ वॉटच्या वर काही निघू शकत नाही, हा विजेचा नियम आहे. २४ व्होल्टचा चांगला ॲडॉप्टर लावला तर गोष्ट वेगळी. आणखी एक सावधगिरी: अशाच डब्या वरती दोन इवल्याशा काचा लावून "ट्यूब ॲम्प" म्हणून विकतात. काचेच्या बुडाशी भडक नारिंगी उजेड दिसला तर तो खालच्या एलईडीचा आहे. खऱ्या व्हॉल्व्हची तार मंद, राखेतल्या निखाऱ्यासारखी लालसर दिसते.

तुम्ही मात्र मधला रस्ता धरा. क्लास एबीचा, म्हणजे नेहमीच्या ट्रान्झिस्टर पद्धतीचा, आठ ओहमला चाळीस ते साठ वॉटचा साधा इंटिग्रेटेड (सगळं एकाच डब्यात असलेला) ॲम्प. यामाहा, डेनॉन, मराँट्झ यांच्यापैकी कुणाचंही सगळ्यात खालचं स्टिरिओ मॉडेल तुमच्या हॉलला भरपूर होईल, साठ हजार बहुधा लागणार नाहीत. दुकानात एकच गोष्ट आग्रहाने बघा: बास-ट्रेबलची बटनं आणि जमलं तर "लाउडनेस", म्हणजे हळू आवाजात खर्ज भरून काढणारं बटन, आहे का. शौकीन लोक त्यांना नाकं मुरडतात. मुरडू द्या. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज कमी केला की माणसाचा कान खालचे सूर जास्त गमावतो. तुम्ही रात्री हळू ऐकता तेव्हा बायाँ पातळ होतो, तंबोऱ्याचा खर्ज हरवतो, तो याच्यामुळे. ॲम्प बदलून तो परत येणार नाही, लाउडनेसने येतो. मला वाटतं, "जीव नाही" अशी तुमचीही थोडी तक्रार असेल तर ती रात्रीच्या त्या हळू आवाजाची आहे.

आता बाबांचा रेडिओ.

तो आवाज कशाचा होता? मीडियम वेव्हवर साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचं जवळजवळ काही येतच नव्हतं, म्हणून सगळं मऊ. कागदी पडद्याचा एकच मोठा स्पीकर, मागून उघडी लाकडी पेटी, एकच आउटपुट व्हॉल्व्ह, तीन-चार वॉट. आणि संध्याकाळच्या वेळी नागपूर केंद्र, शेजारी बसलेले बाबा. यातलं काही पंचावन्न हजारांच्या ॲम्पमधून येणार नाही, कारण तो तुमच्या बुकशेल्फ स्पीकरमधूनच वाजणार. पण बरंचसं अजून त्या माळ्यावर आहे.

सेट उतरवा, पण कृपा करून प्लग लावून "बघू चालतो का" असं करू नका. वीस वर्षांत आतले मेणकागदाचे कंडेन्सर गळके झालेले असतात. त्यातून विजेचा दाब आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे आतल्या नियंत्रण जाळीवर जातो, व्हॉल्व्ह लाल होतो आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन मरतो. बर्डीवर किंवा इतवारीत विचारत फिरलात तर एखादा जुना हात सापडेल. त्याला एवढंच विचारा, "आधी काय कराल?" तो म्हणाला "लावून बघू", तर नमस्कार करून परत या. "कंडेन्सर बदलू आणि पहिल्यांदा सिरीजमध्ये बल्ब लावून चढवू" म्हणाला, तर सेट तिथेच सोडा. व्हॉल्व्ह गेलेले असले तरी घाबरू नका, आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी ते पुष्कळ बनवले, जुन्या दुकानांच्या खोक्यांत अजून निघतात.

त्या काळच्या बऱ्याच सेटच्या मागे ग्रामोफोन लावायला दोन भोकं असायची, बहुधा "पीयू" लिहिलेलं. त्यातून तुमचा फोन जोडता येतो. म्हणजे रात्री दहाला तुमचं नाट्यसंगीत बाबांच्या पेटीतून. फक्त त्याआधी एक गोष्ट पक्की करायची आहे, आणि ती तुम्हीच करू शकता. प्लग भिंतीत नाही हे दोनदा बघा, मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढा, कशालाही हात न लावता टॉर्चने व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. सगळे "ई" ने सुरू होत असतील, ईसीएच, ईबीएफ, ईएल असे, तर सेटमध्ये बहुधा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आहे. मेकॅनिक तो तपासेल आणि मग फोन जोडून देईल. "यू" ने सुरू होत असतील, यूसीएल, यूएल, यूवाय, तर तो एसी-डीसी सेट आहे. त्याची चेसिस, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट भिंतीतल्या विजेला जोडलेली असते, त्यात फोनची वायर नुसती खोचली तर फोनमध्येही करंट आणि फोन धरणाऱ्या हातातही. तिथे भिंतीतली वीज अलग ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवल्याशिवाय काहीही जोडायचं नाही, आणि मुलाच्या हाताला लागेल अशा जागी सेट ठेवायचाही नाही.

अक्षरं वाचून कळवा. ई निघाले की यू, त्यावर पुढचं पत्र लिहितो.